बोलण्याचं कलम

त्या खोलीत नवीन आलेलं माणूस पहिले काही आठवडे हळू आवाजातच बोलतं. तसं कोणी सांगितलेलं नसतं, तरी बोलतं. खोली तशी साधीच, बरं का. करडी टेबलं, कधीच न उघडणारी काचेची खिडकी, कोपऱ्यात चहाचं यंत्र आणि त्यावर ‘कप ज्याचा त्याने धुवावा’ अशी पाटी, जिच्याकडे आजवर कोणी ढुंकून पाहिलेलं नाही. पण त्या टेबलांवरच्या स्क्रीनमध्ये काय उघडतं ते एकदा पाहिलं, की भल्याभल्यांची बोलती बंद होते. मग हळूहळू सवय होते, आवाज मोठा होतो, आणि लोक कपावरून भांडायला लागतात.

वकीलबाईला अजून सवय झालेली नव्हती. वकीलबाई हे तिला खोलीतच पडलेलं नाव. कायद्याची पदवी होती, पण कोर्टाची पायरी काही चढली नव्हती. पदवी घेतली ती थेट कंपनीच्या या टेबलाशी येऊन बसली. नाव ठेवणारे होते शेजारच्या टेबलावरचे फौजदार. ते मात्र खरेखुरे फौजदार, उभा जन्म पोलिसात काढून निवृत्त झालेले, आणि आता पोलिसांचेच कागद तपासायला कंपनीने ठेवलेले. “चोराच्या वाटा चोराला ठाऊक,” असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

काम काय ते सांगायला हवं, पण कंपनीचं नाव घेत नाही. घ्यायची गरजही नाही, ती तुमच्या खिशातच आहे. अर्धं जग तिच्यावर बोलतं, भांडतं, बाळांचे फोटो टाकतं, गेलेल्या माणसांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतं. आणि पोलिसांना कोणाचा माग काढायचा असला की ते याच खोलीचं दार ठोठावतात. अमकं अकाउंट कोणाचं, तमका काल कोणाशी बोलला, फलाणा आत्ता कुठे आहे, सांगा. वकीलबाईची आई तिला दर रविवारी विचारायची, “तू नक्की करतेस काय गं दिवसभर?” वकीलबाई म्हणायची, “दार उघडते आणि लावते.” त्यावर आई म्हणायची, “एवढं शिकून वॉचमनच झालीस की!” आता यावर काय बोलणार?

पूर्वी या खोलीचा कारभार मनाला येईल तसा चालायचा. एकीकडे एका मुलाला पळवून नेलं, पोलिसांनी गयावया केली, आणि कंपनी ‘आपल्या विनंतीचा विचार चालू आहे’ म्हणत बसली; मूल सापडलं ते जिवंत नव्हतं. दुसरीकडे कोण्या भामट्याने पोलिसांचा खोटा शिक्का मारून माहिती मागितली, तर कंपनीने ती ताटात वाढून दिली. म्हणजे गरजू उपाशी आणि लफंग्याला पंगत. लोक खवळले, सभागृहात आरडाओरडा झाला, आणि मग कायदा आला.

कायदा तसा सरळ होता. कोर्टाच्या हुकमाशिवाय एक अक्षर द्यायचं नाही. कोणाच्या जिवावर बेतलं असेल तर मात्र कोर्टाची वाट बघत बसायचं नाही, तासाच्या आत द्यायचं. नाही दिलं तर ज्याची माहिती मागितली त्याला तसं लगेच कळवायचं. आणि एक कलम असं, की देण्याआधी, कागद कितीही चोख असले तरी, कंपनीच्या एका माणसाने मागणाऱ्याशी तोंडाने बोलायचं.

या शेवटच्या कलमाची वरच्या मजल्यावर फार टिंगल झाली. वरच्या मजल्यावर यंत्रं बनवणारी हुशार मंडळी बसतात. ती म्हणाली, शिक्का यंत्र तपासतं, ओळखपत्र यंत्र तपासतं, मग माणसाने विचारायचं काय? जेवलात का? खोलीत त्याला ‘बोलण्याचं कलम’ असं नाव पडलं. फौजदार म्हणाले, “विचारावं की जेवलात का. माझ्या अख्ख्या नोकरीत मला कोणी विचारलं नाही.”

तर त्या दुपारी डबे नुकतेच धुऊन झाले होते. वकीलबाईच्या स्क्रीनवर लाल पट्टी आली. लाल म्हणजे जिवाचा धोका. एका पोलीस अधिकाऱ्याची मागणी होती: सदर महिला घरातून निघून गेली आहे, आत्महत्या करीत असल्याची चिठ्ठी ठेवली आहे, मानसिक स्थिती नाजूक, ठावठिकाणा तातडीने मिळावा. खाली यंत्राने हिरव्या खुणांची रांग लावलेली. शिक्का खरा. ओळखपत्र खरं. मेल सरकारी. अधिकारी अजून नोकरीत. सगळं कसं लख्ख.

लाल मागणीत वेळ जाऊ नये म्हणून यंत्र पान आधीच मांडून ठेवतं. माणसाने बोलायचं आणि दोनांपैकी एक बटण दाबायचं, ‘द्या’ नाही तर ‘देऊ नका’. तसं ते पान वकीलबाईसमोर उघडलं, आणि ती बघतच राहिली.

नकाशा होता. नकाशावर एक निळा ठिपका. अकाउंटवर बाईचं माहेरचं नाव, फोटोत चेहरा नाही, नुसती एक खिडकी आणि कुंडीतलं रोप. पण बाजूला तिचे दिवस उलगडलेले. किती तरी महिने ती एकाच घरात, बाजारात आणि परत घरात. मग एके दिवशी पहाटे ठिपका निघतो, बसस्टँडवर थांबतो, रस्त्याने सरकत सरकत लांबच्या एका गावात जातो, आणि तिथल्या एका गल्लीत शिरून गप्प होतो. त्यानंतर गल्ली सोडून कुठे नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. वकीलबाई बघत असतानाच ठिपका किंचित हलला. म्हणजे ती बाई आत्ता, या क्षणी, एका खोलीत उठून इकडून तिकडे गेली.

बाप रे, वकीलबाईला वाटलं, देवाला असंच दिसत असेल का? पण देवाला दिसतं म्हणून लोक त्याला हात तरी जोडतात. आम्हाला कोणी हात जोडले? लोकांनी नुसती ‘मान्य आहे’वर टिचकी मारली आणि आपलं येणंजाणं, उठणंबसणं आमच्या हवाली करून टाकलं. तिला त्या ठिपक्याची भीती वाटली आणि त्याच्यावरून नजरही हटेना. बाई जिवंत आहे एवढं कळत होतं. पुढच्या घटकेला असेल की नाही, ते कळत नव्हतं. आणि मध्ये होती वकीलबाई आणि तिचं बोट.

तिने फोन लावला.

“बोला मॅडम, तुमचीच वाट बघत होतो,” पलीकडचा आवाज म्हणाला. चांगला आवाज होता हो, भारदस्त, थोडा दमलेला. “वेळ फार कमी आहे.”

“दोन-तीन गोष्टी विचारते साहेब, नियम आहे. धोका कोणाला आहे?”

“सदर महिलेला. चिठ्ठी आहे ना, जिवाचं बरंवाईट करून घेईन म्हणून.”

“चिठ्ठी कोणाला मिळाली?”

“घरच्यांना. नवरा आहे, सासू आहे. घाबरून गेलेत बिचारे.”

“ठिकाण कळल्यावर तुम्ही काय करणार?”

“मी स्वतः जाणार, मॅडम. गाडी तयार आहे.”

उत्तरं चोख होती. वकीलबाईचं बोट ‘द्या’कडे निघालंसुद्धा. खरं सांगायचं तर तिला ते बटण दाबून मोकळं व्हायचं होतं. ते मरण आपल्या डोक्यावर नको, एवढंच तिच्या मनात होतं. पण कलम म्हणतं बोला, म्हणून तिने आणखी एक विचारलं. “त्यांना काही औषधं वगैरे चालू आहेत का? तिथल्या डॉक्टरांना सांगावं लागेल.”

“झोपेच्या गोळ्या आहेत. त्याही वेळेवर घेत नाही,” तो म्हणाला, आणि दमलेल्या माणसाचं तोंड सुटतं तसं त्याचं सुटलं. “किती सांगायचं, पालथ्या घड्यावर पाणी. हिचं एकदा डोकं फिरलं ना, की ही कोणाच्या बापाचं ऐकत नाही.”

वकीलबाईचं बोट जागच्या जागी थांबलं.

“एक मिनिट हं साहेब,” ती म्हणाली. “लाइनवर राहा, इकडे एक सही घेते.” तिने त्याला फोन धरायला लावला आणि खुर्ची सर्रकन फौजदारांकडे फिरवली.

“काका, तो तिला ‘ही’ म्हणाला.”

“कोण कोणाला?”

“अधिकारी. त्या बाईला. इतका वेळ सदर महिला, सदर महिला चाललं होतं. आणि मग म्हणाला, हिचं डोकं फिरलं की ही कोणाचं ऐकत नाही.”

फौजदारांनी चष्मा कपाळावर चढवला. “मग? अगं वकीलबाई, समोर फोटो असेल. कागद असेल. बोट ठेवून म्हणाला असेल, ही. मी नाही का म्हणत, हा आरोपी, ही फाईल?”

“फाईलचं डोकं फिरत नाही, काका.”

“तू बाकी नको तिथे वकिली कर! तिकडे बाईने गोळ्या घेतल्या असतील, आणि तू इथे व्याकरण घेऊन बसलीयेस?”

ते खरंच होतं, आणि त्यामुळेच वकीलबाईला रडू आल्यासारखं झालं. तिचं चुकत असेल तर बाई मरणार. तिचं बरोबर असेल तर ‘द्या’ दाबल्यावर बाईच्या दाराशी तोच माणूस उभा राहणार, ज्याच्यापासून ती पहाटे निघून गेली. आणि दोन्हींच्या मध्ये काय, तर एक अक्षर. एक दीर्घ ई आणि ह.

फौजदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आमची ही जाऊन आता बरीच वर्षं झाली,” ते म्हणाले. “परवा नवा दूधवाला म्हणाला, साहेब, दूध एवढंसंच का घेता? मी म्हटलं, अरे, चहा हिलाच जास्त लागायचा. ‘तिला’ नाही म्हणालो. ‘ती’ म्हणायला गेलो की जीभच वळत नाही.” ते पुन्हा वकीलबाईकडे वळले. “परक्या बाईला कोणी ‘ही’ म्हणत नाही गं. फोटो समोर असला तरी नाही. मी इतके पंचनामे केले, इतक्या बायकांबद्दल बोललो, त्या बाई म्हणालो, ती म्हणालो, वाईटसाईटही बोललो असेन. पण ‘ही’ म्हणालो ती एकीलाच.”

काय म्हणावं या भाषेला! माणूस दुसऱ्या गावी असो, दुसऱ्या जगात असो, नवऱ्याच्या तोंडी ती ‘ही’. जणू हाताच्या अंतरावर बसली आहे. किती जणांनी ते लाडाने म्हटलं असेल, किती जणांनी हक्काने, आणि किती जणींनी ते ऐकून घर सोडलं असेल. वकीलबाई ते जन्मभर ऐकत आली होती, वडिलांच्या तोंडून, काकांच्या तोंडून, आणि आज पहिल्यांदा तिला ते ऐकू आलं.

“पण नुसत्या ‘ही’वर नाही म्हणता येणार नाही,” फौजदार म्हणाले. त्यांच्यातला पोलीस आता खडबडून जागा झाला होता. “त्याला जरा तसाच धरून ठेव. मी ठाण्यावर फोन लावतो. त्याने दिलेल्या नंबरवर नाही, ठाण्याच्या टेबलावरच्या फोनवर. तो फोन उचलायला कायम कोणी तरी कंटाळलेला बसलेला असतो.”

कंटाळलेला होताच. फौजदारांनी आवाजात जुनी जरब आणली आणि साहेबांना द्या म्हणाले. पलीकडचा हवालदार भला माणूस, बोलघेवडा. त्याचं बोलणं वकीलबाईला शेजारून ऐकू येत होतं.

“साहेब? साहेब रजेवर आहेत ना. घरचं जरा हे आहे. वहिनी न सांगता गेल्यात कुठे तरी. साहेबांनी खाणंपिणं सोडलंय हो. तुम्ही कोण बोलताय?”

“बेपत्ता असल्याची नोंद घेतली का?”

“छे छे, नोंद कशाला? साहेब म्हणाले, घरातली गोष्ट आहे, मी बघतो.”

फौजदारांनी फोन ठेवला. हळूच ठेवला, कोणी झोपलेलं असावं तसा. जन्मभर ज्या खात्याची भाकरी खाल्ली, त्या खात्याचा खरा शिक्का, खरं ओळखपत्र, खरा माणूस; आणि मागणी खोटी. त्यांचा चेहरा पाहून वकीलबाईला त्यांची दया आली. ते एवढंच म्हणाले, “नाही म्हण.”

तिने फोन पुन्हा कानाला लावला. आवाज थरथरू नये म्हणून तिने टेबलाची कड घट्ट धरली.

“साहेब, ही माहिती देता येणार नाही. कोर्टाचा हुकूम आणावा लागेल.”

“काय बोलताय तुम्ही? बाई मेली म्हणजे? तुमच्यावर केस करीन मी!”

“साहेब, तुम्ही त्यांचे कोण?”

वकीलबाईला त्याचा श्वास ऐकू येत होता. एवढा मोठा आवाज, एवढा भारदस्त, आणि या साध्या प्रश्नाला त्याच्याकडे एक शब्द नव्हता. मग अगदी खालच्या पट्टीत तो म्हणाला, “मॅडम, तुम्हालाही घर आहे ना?” आणि फोन बंद झाला.

ती विनवणी होती की धमकी, ते वकीलबाईला कळलं नाही. तिने ‘देऊ नका’ दाबलं. कुठे काही वाजलं नाही, दिवा लागला नाही, टाळ्या तर नाहीच. शेजारच्या टेबलावर कोणी तरी चहात साखर जास्त पडल्याची तक्रार करत होतं. आणि एवढी मोठी कंपनी, तिची वरच्या मजल्यावरची ती यंत्रं, गावोगाव पसरलेल्या तिच्या तारा, सगळं जागच्या जागी थांबलं, कारण कोणी तरी, कोण्या समितीत बसून, कायद्यात एक ओळ घातली होती की आधी बोला. कोण असेल तो माणूस? त्याला हसले असतील, ‘जाऊ द्या हो’ म्हणाले असतील, आणि तरी त्याने ती ओळ सोडली नसेल. वकीलबाईला त्या न पाहिलेल्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

फौजदार दुसऱ्या फोनवर होते. खोट्या मागणीची खबर त्याच दिवशी न्यायाधीशांकडे द्यायची, असंही कायद्यात होतं. आपल्याच खात्यातल्या माणसाचं नाव ते अक्षर अक्षर सुटं करून सांगत होते.

पण वकीलबाईचा जीव काही भांड्यात पडेना. चिठ्ठी खरी असली तर? खोटं बोलणारा माणूसही एखादी गोष्ट खरी बोलतोच की. तिने बाईला कळवण्याचा मेसेज उघडला. मजकूर ठरलेला होता: आपली माहिती एका पोलीस अधिकाऱ्याने मागितली होती, आम्ही ती दिलेली नाही. त्याखाली तिने स्वतःचं एक वाक्य घातलं. ‘तुम्ही बऱ्या आहात ना?’

मेसेज गेला. बाईने पाहिल्याची खूण आली. नकाशावर ठिपका हलला. खोलीच्या एका टोकाला गेला, परत आला, परत गेला. चल बाई, बोल काही तरी, वकीलबाई मनात म्हणत होती, नुसतं ‘हं’ म्हण.

‘तो तुमच्याकडे आलाय का?’ शब्द उमटले.

‘नाही. फोन होता. आम्ही नाही म्हणालो. तुम्ही बऱ्या आहात ना?’

‘मी बरी आहे. इथे आल्यापासून रात्री झोप लागते मला.’

वकीलबाईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि डोळे पुसले. पण लगेच पुढचा मेसेज आला.

‘मी कुठे आहे ते तुम्हाला दिसतं का?’

अशा प्रश्नाला यंत्र उत्तर सुचवतं. सुचवलंही: ‘आपल्या माहितीची सुरक्षितता हे आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे.’ वाक्य कसं इस्त्री केलेलं. वकीलबाईने ते रागारागाने खोडलं. फौजदार एव्हाना तिच्या मागे येऊन उभे होते. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“मला काय विचारतेस?” ते म्हणाले. “माणसाने खरं विचारलंय.”

तिने लिहिलं, ‘हो. दिसतं.’

‘आत्ता?’

‘हो. आत्ता.’

ठिपका थांबला. बाई बसली असावी. मग आलं ते असं, की त्यापुढे कायद्याची पदवी असून नसून सारखीच. ‘मग आज नाही सांगितलंत. उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी बसलं, की ते सांगेल.’

खरंच होतं ते. उद्या त्या माणसाची जीभ घसरणार नाही. उद्या तो दुसऱ्याला बोलायला बसवेल. उद्या इथे बसणाऱ्याला डबा खाऊन झोप आलेली असेल. एका शब्दावर वाचलेलं माणूस किती दिवस वाचणार? जे दिसतं ते कोणी ना कोणी दाखवणार. तिने ओठ चावले आणि लिहिलं, ‘अकाउंट पुसून टाका. पुसलंत की आमच्याकडेही काही उरत नाही. मलाही दिसणार नाही, कोणालाच नाही. कायदाच आहे तसा.’

‘नक्की?’

तिने फौजदारांकडे पाहिलं. “त्याच्या मागणीचा कागद माझ्याकडे राहील, कोर्टात लागेल,” ते म्हणाले. “तिचं काही राहणार नाही.”

‘नक्की,’ तिने लिहिलं.

‘सगळं जाईल? आईचा आवाज आहे यात. ती निरोप पाठवायची बोलून. आई आता नाही.’

‘तो आधी फोनमध्ये उतरवून घ्या. मी सांगते कसा घ्यायचा.’

आणि मग त्या खोलीत, लाल पट्ट्यांच्या आणि हिरव्या खुणांच्या त्या खोलीत, वकीलबाई एका न पाहिलेल्या बाईला एकेक पायरी सांगत बसली. हे दाबा. आता ते. थांबा, चाक फिरेल, घाबरू नका. आला का आवाज? बाईने लिहिलं, ‘आला. आई विचारतेय जेवलीस का म्हणून.’ फौजदारांनी खिशातून रुमाल काढला आणि उगीचच चष्मा पुसल्यासारखं करायला लागले. चष्मा तर केव्हाचा टेबलावर होता.

सगळं उतरवून झालं. शेवटचं बटण उरलं. ते बाईनेच दाबायचं होतं, तिथे वकीलबाईचं काम नव्हतं. ठिपका गल्लीत, घरात, आपल्या जागी शांत उभा होता. वकीलबाई त्याच्याकडे पाहत राहिली. जगातल्या इतक्या माणसांत हिचाच एक ठिपका तिला ओळखीचा झाला होता, आणि तो दिसेनासा व्हावा म्हणून ती जीव मुठीत धरून बसली होती.

एक शेवटचा मेसेज आला. जी बाई पुन्हा कधी या पानावर येणार नव्हती, जिला कोणी शोधू नये म्हणूनच ही सगळी धडपड, ती निघताना ‘जाते’ म्हणाली नाही. घरातून बाहेर पडणारी कोणीही म्हणते तसंच, सवयीने, ती म्हणाली,

‘येते.’

ठिपका गेला. नकाशावर गल्ली राहिली, घरं राहिली, आणि कोणीच नाही.

“या,” वकीलबाई त्या रिकाम्या गल्लीला म्हणाली.